ओळीने आलेले शब्द

"बदक," मुलगी म्हणाली आणि थांबली. तो पंधरावा शब्द होता.

बाईंनी उरलेल्या एका चौकटीत आकडा भरला, कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला आणि पुन्हा एकदा मोजलं. पंधरापैकी पंधरा. सव्वीस वर्षांत असं तीनदाच झालं होतं, आणि त्यातली दोन पोरं घरून पढवून आणलेली निघाली होती. समोरच्या छोट्या खुर्चीत बसलेली ही दोन वेण्यांची, सात वर्षांची मुलगी काही पढवलेली वाटत नव्हती. तिने शब्द कसेही, उड्या मारत सांगितले होते. आधी साबण, मग खिडकी, मग एकदम घड्याळ.

"शाब्बास गं. काय खाऊन निघालीस सकाळी?"

"ते पण तुम्ही मगाशी विचारलंत."

"मगाशी कधी?"

"पहिल्यांदा बोलावलंत तेव्हा. तेव्हा मला अकराच आले होते." मुलीने खुर्चीखाली पाय हलवले. "आता सोपं गेलं. ऐकलेलेच होते ना."

बाई हसल्या. हसू चेहऱ्यावर आणायला त्यांना थोडा वेळ लागला. "हो, हो. दुसऱ्यांदा किती येतात ते बघत होते मी," असं म्हणून त्यांनी मुलीच्या हातावर रंगीत खडू ठेवला. मुलगी दाराशी जाऊन परत वळली आणि म्हणाली, "खडू पण मगाशी दिला होता." तिने दोन्ही खडू दाखवले आणि मग प्रामाणिकपणे विचारलं, "एक परत देऊ?"

"राहू दे."

दार लागल्यावर बाईंनी खण उघडला. वरचाच कागद त्याच मुलीचा होता. तारीख आजची, वेळ नऊ चाळीस, पंधरापैकी अकरा. अक्षर त्यांचं स्वतःचं, 'सा'चा काना नेहमीसारखा लांब ओढलेला. सकाळी ही मुलगी आपल्यासमोर बसली होती हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी दुसरा कागद चारदा घडी घालून पिशवीत, चष्म्याच्या डब्याखाली सरकवला.

ही इमारत म्हणजे मुलांच्या वाढीचं केंद्र. गरोदरपणापासून ज्या बायकांना केंद्राने रोज अंडं, दूध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांची मुलं आणि ज्यांना नुसत्या गोळ्या दिल्या, त्यांची मुलं, अशी दोन्हीकडची पोरं दरवर्षी इथे यायची. खालच्या खोलीत वजन, उंची आणि डोक्याचा घेर. वरच्या खोलीत बाई. कोणतं मूल कुठल्या गटातलं हे बाईंना कधीच सांगितलं जात नसे आणि त्या विचारतही नसत. त्यांचं काम आठवण मोजायचं. पोटात गेलं तरच डोक्यात राहतं, हे मात्र त्या येईल त्या आईला ऐकवायच्या. कोणी मान डोलावून निघून गेली की जिन्यापर्यंत मागे जाऊन ऐकवायच्या.

पंधरा शब्दांची यादी त्यांनीच इतर दोघांबरोबर बसून बनवली होती. प्रत्येक मुलाला ठाऊक असेल आणि ज्याने कुणालाही रडू येणार नाही, असा शब्द शोधायला तिघांना पावसाळाभर वेळ लागला होता. घड्याळ, लिंबू, पायरी, ढग, चमचा. पाचव्या शब्दावर जरा श्वास घ्यायचा. बटण, नाक, टेबल, पाऊस, कुलूप. बदक, साबण, खिडकी, दोरी, मीठ. साबणाच्या जागी गुलाब घ्यायचा होता बाकीच्यांना. बाई भांडल्या होत्या. गुलाब न पाहिलेली पोरं असतात, म्हणाल्या होत्या, साबण न पाहिलेली असतील तर त्यांना आधी आंघोळ घाला.

संध्याकाळी खालच्या खोलीतली वजनवाली वर आली. मोजायची कामं ती करायची म्हणून तिला सगळे वजनवालीच म्हणायचे. स्वतः अशी काडी की वारा सुटला तर काट्याला धरून उभी राहील. तिला हे काम बाईंनीच शिकवलं होतं, आठ वर्षांपूर्वी. रोज शेवटी दिवसभराचे कागद नंबराप्रमाणे लावायचे, हे तिच्याकडे होतं.

"बाई, चारशे बारानंतर एकदम चारशे चौदा. तेरा कुठाय?"

"खराब झाला."

"मग कारण लिहून, सही करून मागे टाचायचा ना. कोरा असू दे, फाटका असू दे, नंबर गाळायचा नाही. तुम्हीच मला दोन दिवस हेच घोकायला लावलं होतंत."

"उद्या लावते."

वजनवाली गेली नाही. कागदांची कड टेबलावर आपटून सारखी करत राहिली. "बाई, मागच्या महिन्यातही दोन नंबर नाहीत. मी अजून कुठे लिहिलं नाहीये."

मागच्या महिन्यातलं बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पिशवीची नाडी ओढून घट्ट केली. "वय झालं माझं," त्या म्हणाल्या, "तू काय कोर्टात उभी करणार आहेस का मला?"

"तसं नाही, बाई."

"मग झालं तर."

घरी जाऊन त्यांनी दिवा लावला आणि चहा टाकला. चहा उतू गेला तरी त्या तशाच उभ्या होत्या. त्यांना आई दिसत होती. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग एका रविवारी दार उघडून आई अगदी अदबीने म्हणाली होती, "तुम्ही कुणाकडे आलात?" बाई तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभ्या होत्या. 'मी गं' एवढं म्हणायलाही त्यांना सुचलं नव्हतं. पुढची तीन वर्षं आई त्यांना पाहुण्यासारखी वागवत गेली. मरण्याची त्यांना भीती नव्हती. आपल्या लेकीने दारात यावं आणि आपण तिला 'तुम्ही कोण' विचारावं, याची होती.

लेक दुसऱ्या गावी असायची आणि रोज फोन करायची. त्या रात्री बाईंनी तिला काही सांगितलं नाही. जेवलीस का, लेकीने विचारलं. जेवले, बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी अर्धी रजा टाकून त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. विसरण्याच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा डॉक्टर होता. तरुण होता, टापटीप होता आणि बाईंना आजी म्हणत होता. बाईंनी ते सोडून दिलं. आज वार कोणता, घड्याळाचं चित्र काढून दाखवा, शंभरातून सात वजा करत जा, असं सगळं झालं. वजाबाकीत त्या दोनदा अडखळल्या. डॉक्टरने कागदावर काहीतरी टिपलं आणि ते काय टिपलं हे त्यांना उलट्या बाजूनेही वाचता आलं, कारण तसं टिपायला त्याच्यासारख्या कित्येकांना त्यांनीच शिकवलं होतं.

"आता मी काही शब्द वाचतो, आजी. नीट ऐकायचे आणि मग आठवतील तेवढे सांगायचे. कसेही सांगा, क्रम महत्त्वाचा नाही."

"बरं."

"घड्याळ," डॉक्टर म्हणाला. "लिंबू. पायरी."

बाईंनी तोंड उघडलं. ही यादी माझीच आहे, दुसरी घ्या, एवढंच म्हणायचं होतं. या भाषेत दुसरी धड यादी कुणी बनवलीच नव्हती, दवाखान्यांनी केंद्राचीच उचलली होती, हे त्यांना ठाऊकही होतं. पण डॉक्टर पाचव्या शब्दावर श्वास न घेता तसाच पुढे गेला, आणि तेवढ्यात बाईंनी तोंड मिटलं. त्यांची पाचावर धारण बसली होती. हातात आयता आलेला दोर सोडवेना.

"सांगा आता."

बाईंनी सांगितले. पंधराच्या पंधरा, एकाही जागी न अडता.

डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. "आजी, मलासुद्धा एवढे आठवत नाहीत. वजाबाकी सोडा, ती कुणालाच आवडत नाही. वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे तुमचं. उगीच घाबरलात." पुढच्या तपासण्या त्याने लिहिल्याच नाहीत. कागदाची एक प्रत हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बसने परत येताना बाईंना हलकं वाटत होतं. एवढं हलकं की आपला थांबा त्यांच्या लक्षात आला नाही आणि दोन थांबे मागे चालत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद वजनवालीच्या काट्यावरच नेऊन ठेवला. काट्याचा काटा हललासुद्धा नाही. "घे. वाच. म्हणे नंबर नाहीत."

वजनवाली एका बाळाच्या डोक्याला फीत लावत होती. तिने आकडा लिहिला, बाळाला आईकडे दिलं, हात पुसले आणि कागद उचलला. बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आधी तो खुलला. मग ती प्रत्येक शब्दापुढचे छोटे आकडे बोटाने बघत खाली गेली. कुठला शब्द कितवा आठवला त्याचे ते आकडे. घड्याळापुढे एक, लिंबापुढे दोन, पायरीपुढे तीन. खाली मिठापुढे पंधरा.

तिने कागद उलटा ठेवला. बाळाच्या आईला म्हणाली, "ताई, पाच मिनिटं बाहेर बसा हं." दार लावून घेतलं.

"बाई, पढवलेलं पोर कसं ओळखायचं?"

बाईंनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत मला. आठवणारं पोर उड्या मारतं. शेवटचा शब्द आधी सांगतं, मधले गाळतं, मागे जातं. आणि पढवलेलं ओळीने म्हणतं."

"मला तोंडपाठ आहे ती यादी. मी काय करू? सव्वीस वर्षं वाचतेय." बाईंचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मी सांगणार होते त्याला. खरंच सांगणार होते. भीती वाटली गं."

असं त्यांनी कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. वजनवालीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, हे तिने बरं केलं. तिने कोपऱ्यातली मुलांची छोटी खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाली, "बसा."

"कशाला?"

"बसा तर."

बाई बसल्या. गुडघे हनुवटीपर्यंत आले. वजनवालीने कोरा कागद घेतला, वर नंबर घातला, आणि वरच्या खोलीत रोज जो पहिला प्रश्न विचारला जातो तोच, त्याच शब्दांत विचारला.

"काल उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?"

हा प्रश्नही बाईंचाच. नीट खाल्लं का, असं विचारायचं नाही, त्याला सगळ्या बायका हो म्हणतात. पहिला घास विचारायचा आणि मग रात्री झोपेपर्यंत 'मग?' एवढंच म्हणत राहायचं. 'मग?'ला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

"पुरे झाला पोरखेळ," बाई म्हणाल्या.

"उठल्यावर पहिल्यांदा."

"चहा."

"मग?"

"मग इथे आले. इथे चहा झाला."

"मग?"

"दुपारी डबा."

"डब्यात काय होतं?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं हे त्यांच्याच लक्षात आलं. सगळ्या आया इथवर आल्या की खिडकीकडे बघायच्या आणि मग भाजी म्हणायच्या. "टोस्ट," बाई म्हणाल्या.

"नुसते?"

"चहात बुडवून."

गेली काही वर्षं बाई दार लावून, कागद तपासत जेवायच्या. कामाचा व्याप, असं सगळे म्हणायचे. वजनवालीने लिहिलं. तिचं अक्षर वाकडं आलं. "मग? रात्री?"

"रात्री दूध." बाईंनी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "दूध नाही. चहा आणि टोस्ट."

"रोज?"

"एकटीसाठी कुठे गॅस पेटवत बसायचा?"

"चहा काय उन्हात ठेवता?"

बाईंना हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. हे गेल्यापासून, त्या म्हणाल्या. पहिल्यांदा केलं होतं, दोन-चार दिवस. दोन माणसांचं व्हायचं, उरायचं, मग त्या उरलेल्या भांड्याकडे बघवायचं नाही. टोस्ट कसे मोजून घेता येतात.

"तीन वर्षं झाली, बाई."

"झाली असतील."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," वजनवाली पुटपुटली आणि पुढचं तिने गिळलं. मग तिने बाईंना दंडाला धरून काट्यावर उभं केलं. हा मोठा काटा नवा आला तेव्हा गंमत म्हणून सगळ्यांची वजनं दाराच्या चौकटीवर शिसपेन्सिलीने लिहिली होती. बाईंच्या नावापुढे अठ्ठावन्न होतं. आता काट्यावर सेहेचाळीस आले. वजनवालीने त्यांना उतरवून पुन्हा चढवलं. सेहेचाळीसच.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई पहिल्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी बाईंना जीभ काढायला सांगितली आणि बराच वेळ बघत राहिल्या. जीभ लाल होती आणि घासून पुसल्यासारखी गुळगुळीत. पायांना मुंग्या येतात का, त्यांनी विचारलं. येतात, बाई म्हणाल्या, वयाने. आधी रक्त काढू, मग वयाला नावं ठेवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्ताचा कागद तीन दिवसांनी आला. बी ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं. ते अंड्यात, दुधात, माशात, मटणात असतं. टोस्टात नसतं.

"आपण गरोदर बायकांना कशाला अंडी देतो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर बांधला जातो म्हणून. बांधून झाला की त्याला काही लागत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग हे आईसारखं नाही?" बाईंनी विचारलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते आणखी एक वेढा आवळलं.

"तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही. आणि सगळं यानेच झालंय असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. इंजेक्शनं घ्या, जेवा, तीन महिन्यांनी बघू. काही परत येतं, काही नाही येत."

त्या दिवशी बाई वर गेल्या, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि तो तळहाताने सारखा केला. खाली 'रद्द करण्याचे कारण' अशी ओळ होती. 'एकाच मुलीची चाचणी दोनदा घेतली. तपासणारीला आठवले नाही,' असं त्यांनी लिहिलं, सही केली आणि चारशे तेरा नंबर जागेवर टाचला. मग वरच्या खोलीची किल्ली नेऊन वजनवालीच्या हातात दिली. गेल्या सहा महिन्यांतली सगळी मुलं पुन्हा बोलवावी लागली. ती वजनवालीने तपासली. बाई खाली काट्यापाशी बसल्या, आणि पोरं त्यांना नवी वजनवाली म्हणू लागली.

दुपारचं जेवण हा वेगळाच तंटा झाला. वजनवाली दोन डबे आणायला लागली. मी काय भीक मागितली का, म्हणून बाई फुगून बसल्या, पण डबा उघडल्यावर अंड्याचा वास आला आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. आठवडाभराने त्यांनीच फर्मान काढलं की एक दिवस तू, एक दिवस मी, मला कुणाचे उपकार नकोत. पहिल्या दिवशी त्यांनी मासे केले. मीठ दोनदा घातलं होतं. वजनवालीने ते पाणी पीत पीत संपवलं. दुसऱ्या खेपेला मीठ एकदाच पडलं होतं.

लेकीला मात्र त्यांनी सांगितलं. मग लेक म्हणाली, "रोज विचारते मी तुला, जेवलीस का म्हणून."

"तू प्रश्नच चुकीचा विचारतेस," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा तोंडात काय गेलं ते विचार." तेव्हापासून लेक तसंच विचारायला लागली, आणि 'मग?' म्हणायला तर ती आईपेक्षाही चिवट निघाली.

तीन महिने झाले. वजन एक्कावन्नवर आलं होतं. पायांच्या मुंग्या कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. शनिवारी मुलं गेल्यावर वजनवालीने बाईंना वरच्या खोलीत बोलावलं आणि छोट्या खुर्चीत बसवलं. तिने नवी यादी केली होती. कुणाला दाखवली नव्हती, डॉक्टरीणबाईंनासुद्धा नाही. ती वाचत गेली, सावकाश, एकेक शब्द, आणि पाचव्या शब्दावर तिने श्वास घेतला. बाईंनी डोळे मिटले होते.

"सांगा."

"शिडी," बाई म्हणाल्या. तो शेवटचा शब्द होता. "त्याच्या आधी... कंगवा. मग मध्ये कुठेतरी पंखा होता. पंखा आणि वाळू. थांब, बोलू नकोस." त्यांचं बोट मांडीवर ठोके देत होतं. "सुरुवातीला चाळणी. पहिलाच शब्द चाळणी. परत मागे, शिडीच्या जरा आधी, कोंबडा." खाली कुणीतरी बादली सरकवली. "गाठ," बाई म्हणाल्या. "आणि आरसा. आरसा होता ना?"

"होता."

"बस. आणखी नाही येत."

वजनवालीने मोजलं. "आठ."

"दाखव."

कागदावर आकडे विस्कटलेले होते. चाळणीपुढे पाच, शिडीपुढे एक, कोंबड्यापुढे सहा, मधल्या सात चौकटी कोऱ्या. बाई तो कागद बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"आठाला हसणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय," वजनवाली म्हणाली. "तुमच्या वयाला आठ म्हणजे अगदी बरोबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, असं आलं तर सोमवारपासून वर बसा. महिनाभर मी शेजारी असेन, एवढंच."

"बस की. तुझ्या डब्याचा दिवस आहे सोमवारी."

वजनवालीने किल्ली टेबलावर ठेवली आणि खिडक्या लावायला गेली. एक खिडकी लागली, दुसरी लागली. मागे वळून पाहते तो बाई अजून छोट्या खुर्चीतच होत्या, आणि त्यांनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून मांडीवर घेतला होता.

"आता कुणाचा तो?"

बाईंनी पेन उघडलं. नावाच्या जागी त्यांनी 'आई' लिहिलं. वयाच्या जागी चौऱ्याहत्तर.

"बाई, तुमच्या आई तर..."

"नऊ वर्षं झाली."

पहिल्या प्रश्नापुढे त्यांनी 'चहा' लिहिलं. मग टोस्ट, दोन, बुडवून. मग चहा. दुपारी टोस्ट, दोन. हे लिहिताना त्या कुठेही अडल्या नाहीत. आईचे दात गेल्यावर टोस्टाचे पुडे त्याच न्यायच्या, दर रविवारी दोन. त्या दोन पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, त्यातही तेच होतं. आई तेवढंच खाते पण आवडीने खाते, असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या.

"जीभ झोंबते म्हणायची," बाई म्हणाल्या. त्या वजनवालीशी बोलत होत्या की कागदाशी, कळत नव्हतं. "मी म्हणायचे चहा गार करून पी. पायाला मुंग्या येतात म्हणायची. मी तेल चोळून द्यायचे. आणि सोमवारी इथे येऊन लोकांच्या आयांना विचारायचे, मग? मग?"

वजनवाली जवळ येऊन उभी राहिली. त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं, तुमच्या आईंना दुसरंच काही असेल, असं म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नक्की काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं आणि बाईंना खोटं चालत नसे. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्याचं हाड तीन महिन्यांपूर्वी हाताला लागायचं तितकं लागलं नाही.

"नंबर घातलाय त्याच्यावर," ती हळूच म्हणाली. "गाळता यायचा नाही."

"माहीत आहे मला."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्या खाली 'रद्द करण्याचे कारण' या ओळीवर आल्या आणि नेहमीच्या अक्षरात, काना लांब ओढत लिहिलं: 'विचारायचे राहून गेले.' खाली सही केली आणि कागद टाचायला वजनवालीच्या हातात दिला.